कनीजबीच्या हातावरचं घड्याळ

पंचावन्न सालच्या आसपास जळगावात ऑटोमॅटिक घड्याळं सगळी मिळून पाच-सहा असतील, आणि बिघडली की ती नासीर घड्याळजीकडेच येत. या घड्याळाला चावी द्यायची नसते. मनगट हललं की ते आपोआप भरतं, काढून ठेवलं की दीड दिवसात बंद पडतं. म्हणून दुरुस्तीनंतर ते चार दिवस कुणाच्या तरी हातावर चालवून पाहावं लागे. खुद्द नासीरचा हात या कामाचा नव्हता. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो. त्याची बोटं हलतात, मनगट नाही.

मग भरवशाचा हात शोधणं आलं. एका मास्तरांना घड्याळ दिलं, तर मास्तर वर्गात हात पाठीमागे बांधून उभे. तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद. लोटन शिंप्याचा हात मशीनवर नुसता सरकायचा. तालमीतल्या जीवरामचा हात झकास हलायचा, पण पठ्ठ्या घड्याळ मिरवायला एरंडोलला सासुरवाडीस गेला तो आठ दिवसांनी उगवला. तोवर इकडे नासीरच्या तोंडचं पाणी पळालेलं. हात हलता हवा आणि माणूस जागचा हलायला नको, असा हा सगळा पेच. आणि काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. तसा हात त्याच्या घरातच होता, थोरल्या बहिणीचा.

कनीजबी पिंजारीण. नवरा वारला तेव्हा चार दिवस रडली आणि मग त्याची पिंजण खुंटीवरून काढून गाद्यांचा कापूस पिंजायला बसली. उजव्या हातातल्या लाकडी मुठीचे ठोके पिंजणीच्या ताणलेल्या दोरीवर, तांतेवर पडत आणि डावा हात पिंजण धरून दिवसभर झुलत राही. नासीरने घड्याळ डाव्या हातावर बांधलं, कारण उजव्या हाताच्या हादऱ्याने आतलं चक्र मोडलं असतं. कापसाचा तंतू आत जाऊ नये म्हणून वरून फडक्याची पट्टी गुंडाळली. घड्याळ मिनिटभरही मागं पडलं नाही. तेव्हापासून गावातली सगळी ऑटोमॅटिक घड्याळं तिच्या हातावरून जाऊ लागली. पिंजारवाड्यातल्या बाया चिडवत, "कनीजबी, किती वाजनात वं?" तिला घड्याळ कळत नव्हतं. ती ठणकावून सांगे, "जेवानी येळ व्हयनी!"

हे हसणं संपलं ते इंदिराबाईंचा टांगा दाराशी थांबला त्या दिवशी.

इंदिराबाई म्हणजे कापसाच्या जिनवाल्या भाईदास शेठच्या पत्नी. शेठना पोटाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं होतं. धाकटे दीर सोबत गेले, बाईंनी घर सांभाळायचं ठरलं. गाडी सुटताना शेठनी हातातलं घड्याळ काढून त्यांच्याकडे दिलं आणि म्हणाले, मी येईपर्यंत चालू ठेव. सहज म्हणाले असतील, पण बाईंच्या मनात ते खिळ्यासारखं रुतलं. घड्याळ थांबलं तर माणूस थांबेल. जिवंत नवऱ्याचं घड्याळ स्वतःच्या हातावर बांधणं त्यांना अभद्र वाटत होतं, म्हणून त्या नासीरकडे आल्या आणि नासीरने त्यांना बहिणीकडे आणलं.

"कनीजबी, हे बंद पडता कामा नये," बाई म्हणाल्या.

कनीजने मान डोलावली खरी, पण पट्टा तिने स्वतः दोनदा ओढून पाहिला. आजवर हातावर घड्याळ होतं, आता एक माणूस होता. बंद पडलं तर? शेठचं मरण आपल्या माथी! लोक काय, बोट दाखवायला टपलेलेच.

इंदिराबाई रोज दुपारी यायच्या. कनीजचा हात धरायच्या आणि मनगटाला कान लावायच्या. टिकटिक ऐकू आली की उठायच्या आणि कनीज पुन्हा पिंजण हाती घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात कनीजला ताप भरला. पिंजण उचलेना. नासीर म्हणाला, "आपा, काढ ते. दुसऱ्याना हातवर बांधू."

"नको," ती म्हणाली. "हात बदलना आनि तिकडे काही व्हयनं, तर मी कोनले तोंड दाखाडू?"

शेजारच्या शेवंताबाईच्या पोराच्या झोळीची दोरी तिने मागून घेतली आणि दोन दिवस भिंतीला टेकून, डोळे मिटून, डाव्या हाताने त्याला झोके दिले. पोर झोपलं तरी दोरी ओढतच राहिली. हात जड होऊन खाली पडे आणि ती दचकून मनगट कानाशी नेई. चालू शे. चालू शे. तापापेक्षा त्या भीतीनेच ती जास्त वाळली.

मग मुंबईहून पत्र आलं: ऑपरेशन पार पडलं, गुरुवारी निघतो. इंदिराबाईंनी पिंजारवाड्यात पेढे वाटले. कनीजने कितीतरी दिवसांनी पोटभर भाकर खाल्ली.

बुधवारी सकाळी तार आली. शेठ गेले होते.

बाईंचं बोलावणं आलं तशी कनीज हातातली पिंजण ठेवून निघाली. नासीर सोबत होता. ओसरीवर बायका जमल्या होत्या. इंदिराबाई भिंतीशी बसल्या होत्या, डोळे कोरडे. त्यांनी कनीजचा हात ओढून कानाला लावला.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. मग वर बघून विचारलं, "मग असं कसं झालं?"

इतके दिवस कनीज एकाच गोष्टीला भ्यायली होती. घड्याळ चालू असताना माणूस जाईल हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. तिला बाईंची भीती वाटली, आणि त्याहून त्या घड्याळाची. आता ते तिला क्षणभरही हातावर सोसवेना.

"थांबव ते," बाई म्हणाल्या.

कनीजने पट्टा सोडला. नासीर चाचरत म्हणाला, "घड्याळाची पाठ उघडतो, बाई. चिमट्याने आत्ता थांबवतो."

"त्यांच्या वस्तूत लोखंड घालू नका. आपोआप कधी थांबेल?"

"हललं नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत."

बाईंनी घड्याळ दोन्ही हातांत घेतलं, छातीशी घट्ट धरलं, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. सगळं अंग गदागदा हलू लागलं. प्रत्येक हुंदक्यासरशी हातातलं घड्याळ भरत होतं.

नासीर ते सांगायला पुढे झुकला. कनीजने त्याचं मनगट पकडलं आणि त्याला मागे ओढलं.

"रडू दे तिले," ती म्हणाली.