सुभेदारांचा तेरडा

आमचे सुभेदार ऋतूंनासुद्धा हाताखालचे जवान समजत. थंडी उशिरा पडली की उंब्रजच्या आमच्या गल्लीत, आपल्या परसात कमरेवर हात ठेवून ते आभाळाला विचारायचे, "कुठं होता?" आभाळाने कधी उत्तर दिले नाही. मी दिले असते, पण मध्ये कुंपण होते.

फौजेतून आल्यावर त्यांनी दोरी धरून वाफे आखले. मिरचीचे रोप रांगेबाहेर गेले की उपटून पुन्हा लावणार. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण सरळ रांगेने मिरची तिखट होत नाही एवढे मला कळते. तसे सांगितल्यावर म्हणाले, "तुमी शेतात जन्म काढला, शिस्तीत न्हाई."

त्यांचा खरा जीव तेरड्यावर. आमच्याकडे गौर म्हणून मुळासकट तेरडाच घरात आणतात, आणि गल्लीतल्या बायका तो न्यायला सुभेदारांच्याच परसात यायच्या. सुभेदारीणबाई गेल्या तरी ही रीत मोडली नाही. त्या दिवशी सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे राहत, जणू मोठा साहेब तपासणीला येणार. मृगात पेरायचा, गौरीला फुलवायचा. त्यांचा तेरडा माझ्या अळूत उगवला की मी उपटून कुंपणापलीकडे टाकत असे. भाजीत फुलांचे काय काम?

गेल्या वर्षी मे महिन्यातच पावसाने झोडपले आणि जमिनीत पडलेले बी मृगाची वाट न बघता उगवले. आषाढातच कळ्या. सुभेदार खवळले. रोज सकाळी चष्मा लावून कळ्या खुडू लागले. मी म्हटले, "आवं सुभेदार, झाडाची रजा नामंजूर करता येत न्हाई."

"फुलंल," ते म्हणाले. "हुकूम दिल्यावर फुलंल."

गौरी आल्या तेव्हा तेरडा हिरवागार उभा, फूल एक नाही. बायकांनी बाजारातली शेवंती आणली आणि दोऱ्याने तेरड्याला बांधली. फाटकातून सुभेदारांनी त्या दोऱ्याकडे पाहिले आणि आत गेले. नंतर आभाळाला त्यांनी काही विचारले नाही. दिवाळी झाल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथे गॅलरीत बारमाही फुललेली कुंडी आहे म्हणे, प्लास्टिकची.

यंदा माझ्या अळूत तेरडा उगवला. कुंपणाखालून इकडे वाकलेले एखादे रोप त्यांच्या खुडण्यातून सुटून इथे बी टाकून गेले असणार. मी तो उपटला नाही. कंबर धरली होती, दुसरे काही नाही. गौरी तोंडावर आल्या आणि तो गुलाबी फुलला. बायका या वेळी माझ्या फाटकात आल्या.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. पुण्याची हवा, सुनेचा चहा, सगळ्याला नावे ठेवून झाल्यावर हळूच विचारले, "तेरडा?"

"फुललाय. माझ्या अळूत."

ते म्हणाले, "रांगेत हाय का?"

मी अळूकडे पाहिले. वाटेल तिथे, वाटेल तसा उगवला होता.

"व्हय," मी म्हणालो. "दोरी धरल्यागत."