माशी दिसत नाय

माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. वय बासष्ट, पण सुईत दोरा मी पहिल्या खेपेला ओवते आणि समोरच्या डोंगरावर चरणारं ढोर कोणाचं ते अंगणातून सांगते. हे आधी सांगून ठेवते, कारण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने परस्पर ठरवून टाकलं की मला दिसत नाही. मग त्या काळजीपोटी त्याने जे दिवे लावले, त्यात माझा उजवा डोळा जायचाच होता. वर्ष झालं, राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

मी पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अलीकडे डोंगरातल्या वाडीत राहते. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आता बाबांची भातखाचरं बघते. भाऊ मुंबईला असतो. गणपतीला आणि भात पिवळं पडू लागलं की चार दिवस येतो, मधल्या काळात फोनवर शहाणपण शिकवतो.

घरात बाबांची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने ठासायचं, मागे ठिणगीची केप बसवायची आणि चाप ओढायचा. शेती राखायचा परवाना बाबांच्या मागे माझ्या नावावर झाला. तेव्हा कचेरीतला माणूस कागदावरून मान वर करून म्हणाला, "बाई, बंदूक तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "नाही, तिने आमटी ढवळणार." त्याने मुकाट सही केली. निवडणूक आली की हीच बंदूक चौकीत जमा करायची, आणि निवडणूक नेमकी भात कापणीला आलेलं असताना यायची. डुकरांना आचारसंहिता नसते, हे मी तिथल्या साहेबांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी पावती दिली.

बार किती भरायचा हे आमच्याकडे बोटांवर मोजतात. ठासून झालं की गज नळीच्या बाहेर जितकी बोटं उरतो, तितक्या बोटांचा बार. बाबांची बोटं जाड, माझी बारीक, म्हणून त्यांचा दोन बोटांचा बार माझा अडीच बोटांचा होतो. त्यावर बाबा कधी गेले नाहीत. शिसाचे छर्रे तर त्यांनी शेवटची कितीतरी वर्षं भरलेच नाहीत, नुसता आवाजाचा बार. डुकराला मारायचं नाही, इथे माणूस आहे हे त्याला पटवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. तिन्हीसांजेला एक बार काढला की डुकरं दोन दिवस फिरकत नसत. बाबांचा आणखी एक नेम होता. बंदुकीला कोणी हात लावला, साधा खिळा जरी बदलला, तरी पुढचा पहिला बार हातात धरून काढायचा नाही. बंदूक झाडाला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि बांधाआड जाऊन ओढायची. त्याला ते दोरीचा बार म्हणत. भाऊ लहानपणी या नेमावर हसायचा.

गेल्या वर्षी गणपतीला त्याला येता आलं नाही. भाद्रपदात त्याचा फोन आला. मी नेहमीसारखी घरची रड सांगितली. पडवळाचा वेल मांडवभर गेलाय पण धरत नाही, काकडीची फुलं गळतायत, शेजारणीने कसलंसं औषध फवारलंय, आणि यंदा माशी दिसत नाय. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "कधीपासून?" मी म्हटलं, "श्रावणापासून." म्हणाला, "तू काय टेन्शन घेऊ नको ताय, मी बघतो." हा मुंबईहून काय बघणार, म्हणून मी फोन ठेवला आणि विसरले.

दसऱ्याच्या आधी तो आला. मी त्याच वेळी पाचाडला मावसबहिणीकडे दोन दिवस गेले होते. परत आले तर हा पडवीत उभा, तोंडभर हसतोय आणि भिंतीला बंदूक टेकवलेली. बंदुकीच्या पाठीवर काळी चकचकीत दुर्बीण. मला आधी कळेचना की हे आपल्याच घरातलं आहे.

"ही काय भानगड?"

"दुर्बीण हाय ताय. ऑनलाइन मागवली. भायेर देशात लोक अशाच ठासणीच्या बंदुकीवर लावतात, हरणं मारतात लांबून. मी किती व्हिडिओ बघितले. बघ तरी डोळा लावून, एकदम क्लिअर!"

"इथे भेकर मारलंस तर खडी फोडायला पाठवतील तुला. आणि ही बसवली कशी?"

बसवली कशी, ते त्याने अभिमानाने सांगितलं. देव्हाऱ्यामागची कपाटाची किल्ली घेतली, माझ्या परवान्याची बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि दुचाकीवरून महाडला नेली. तिथे खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कुणा ओळखीच्याकडून नळीला वरून चार भोकं पाडली, भोकांत स्क्रू बसवले. चौकीने अडवलं असतं तर परवाना गेला असता, हा आत गेला असता. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त भोकं दिसत होती. बाबांच्या बंदुकीच्या नळीला, जिथे आत दारू पेटते तिथेच, भोकं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आरपार नाय गेलीत," तो म्हणाला. "त्याने बरोब्बर अर्ध्यात थांबवलं मशीन."

"नळी आतून किती गंजलीय ते त्याच्या मशीनला माहीत होतं?"

"तुला सगळ्यातच खोट दिसते. संध्याकाळी डुकरं येतील, एक बार काढून बघ. आणि बार जरा चांगला भर, चार बोटं तरी. लांबचं दिसणार तर लांब जायला नको?"

चार बोटं! मी मोठ्याने ओरडले असणार, कारण शेजारीण कुंपणाशी आली. मी त्याला सांगितलं की बार बाबांच्या मापाचा भरणार आणि दोरीने काढणार. तो म्हणाला, "अगो, दोरीने काढल्यावर दुर्बीण कशी ते कळणार कसं? डोळा नको का लावायला?" मी बंदूक उचलली आणि खाचराकडे निघाले. तो मागून कुरकुरत आला.

ऊन उतरत होतं. बांधावरच्या जांभळीला आम्ही बंदूक आडवी बांधली. बार मी भरला, माझ्या अडीच बोटांचा, छर्रे नाहीत. दोरी त्याने धरली, मी त्याला ओढून बांधाआड बसवलं आणि "ओढ" म्हटलं.

आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी धडाम होतो, हा फाटल्यासारखा झाला. धूर नळीच्या तोंडातून निघाला आणि वरूनही निघाला. जवळ जाऊन पाहिलं तर मागचा स्क्रू गायब. तो दुर्बिणीतून गेला होता. मागची काच, जिला डोळा लावायचा ती, चक्काचूर झाली होती आणि तिचे तुकडे मागच्या गवतात उडाले होते. मी बंदूक खांद्याला लावते तेव्हा माझा उजवा डोळा बरोबर त्याच जागी असतो.

मी भावाच्या मुस्काटात मारली. पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, पण मारली. हात झिणझिणला. दुसरीसाठीही उचलला होता, पण तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला.

"मला वाटलं तुला बरं पडेल. घाबरलो होतो गो मी. कुणाला सांगत नाय तू, एकटी राहतेस. तूच बोललीस ना फोनवर, माशी दिसत नाय म्हणून!"

बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायला पितळेचा बारका मणी असतो. त्याला माशी म्हणतात. डोळे अधू झाले की पहिल्यांदा तीच दिसेनाशी होते. बाबांचं तसंच झालं होतं. "माशी दिसत नाय रे आता," असं म्हणूनच त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली होती, आणि वर्षभरात त्यांना ताटातला भातही चाचपावा लागला. भाऊ तेव्हा तिथेच उभा होता.

"मेल्या," मी म्हटलं, "मी मधमाशीचं बोलत होते! पडवळाच्या फुलावरच्या!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. राग मात्र दुप्पट आला, त्याचा आणि माझाही. सबंध फोनभर मी रडगाणं गायले होते, आणि हा एवढा का गप्प झाला हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

बंदूक मी दुसऱ्याच दिवशी चौकीत नेऊन दिली, काय झालं ते खरं सांगून. परत मिळणार नाही. भावाने सुट्टी वाढवली आणि भात कापून होईपर्यंत रोज तिन्हीसांजेला खाचराच्या कडेने तेलाचा डबा बडवत फिरला. तरी डुकरांनी खालची दोन खाचरं लोळवली. मी त्याच्याशी धड बोलले नाही, जेवायला मात्र वाढलं.

हल्ली तो दर रविवारी फोन करतो आणि आधी तेच विचारतो, "ताय, माशी दिसते का?" मी खेकसते, "दिसते, दिसते, ठेव फोन." पण खेकसण्याआधी, दर वेळी, माझा हात उजव्या डोळ्याकडे जातो.