श्रावणाआधीचं मटण

गटारीसाठी मी पाच किलो मटण एकदम घेतलं, कारण एकदम घेतलं की भाव तोडता येतो. खाटकाशी अर्धा तास भांडलो, वर कलेजी फुकट घेतली. वागळे इस्टेटमधलं माझं वर्कशॉप अशाच घासाघिशीवर उभं राहिलं, त्याची मला लाज नाही. कल्याणहून धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगी जेवायला यायची होती. दरवर्षी येतात. या वर्षी आली नाहीत. फोनही उचलला नाही.

आम्ही नवरा-बायको दोघं खाऊन खाऊन किती खाणार? पातेलं अर्ध्याहून जास्त उरलं.

"परवा श्रावण लागतोय," बायको म्हणाली. "उद्या संध्याकाळी मी ओटा, फ्रिज, सगळं घासून काढणार. त्यानंतर घरात एक हाड दिसलं तर तुम्ही बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्सा-पाव. मग हाडं सोडवून खिमा, खिम्याचे कटलेट. दुपारी उरलेल्या रश्शात भात ढवळून त्याला पुलाव म्हणायचं. चरबी थिजून वर पांढरा थर आलेला, टाळूला मेणासारखा चिकटायचा. चहालासुद्धा तोच वास. चार वाजता बायकोने त्याच खिम्याचे समोसे पुढे ठेवले आणि मी बशी मागे सारली.

"टाकून द्या हो."

"टाकायला आणलंय का मी?"

राहिलेलं डब्यात भरलं आणि गाडी काढून थेट कल्याण गाठलं. भावाने दार उघडलं, पण तो दारातच उभा राहिला.

"का आला नाहीस रे काल?"

"दादा, खरं सांगू? गेल्या वर्षी पोरीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, खा खा, किलोमागे शंभर वाचवलेत तुझ्यासाठी. ती तशीच ताटावरून उठली. तुला पत्ताही नव्हता."

"मस्करी केली होती."

"तुझी मस्करी झाली, तिचं जेवण गेलं."

रागाने माझे कान तापले. ज्याच्या शिक्षणासाठी मी राबलो, तो मला दारात उभं करून जेवणाच्या रीती शिकवत होता! मी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडलं, नाक आक्रसलं, झाकण लावलं. "शिळं आणलंस दादा?"

मागून पुतणी पुढे आली. तिलाच विचारलं, "श्रावण संपल्यावर येशील ना?"

"घरी नको, काका. हॉटेलात जाऊ. पण मेनू कार्ड तुमच्या हातात द्यायचं नाही."

भाऊ हसला. हॉटेलवाले एका प्लेटमागे किती लुटतात, ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "बरं," म्हणालो.

माझी चूक होती, असं मला अजूनही वाटत नाही. परतताना गाडीत वास सहन होईना. शीळफाट्याला थांबून डबा कुत्र्यांपुढे पालथा केला. त्यांनी हुंगलं, दोन तुकडे चघळले आणि बाकीचं तसंच टाकून निघून गेली.