बंद ठेवलेल्या महिन्याचे पेपर

वत्सलामावशींचा पेपर आमच्या मागच्या खोल्यांपर्यंत ऐकू यायचा. सकाळचा चहा झाला की त्या पुढच्या पडवीत चष्मा लावून बसत आणि पेपराच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेल्या मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत सगळं मोठ्यानं वाचत. अग्रलेख, कापसाचे भाव, संत्र्यांची आवक, हरवलेल्या म्हशी, कॉर्पोरेशनच्या निविदा. शेजारच्या वेताच्या खुर्चीत त्यांचे यजमान नानाजी डोळे मिटून ऐकत. उघडे ठेवले काय नि मिटले काय, त्यांना सारखंच होतं. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर थोड्याच वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती.

मी नव्यानं लग्न होऊन नाशिकहून नागपुरात आलेली. माझे यजमान कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला, सकाळच्या बसनं गेले की दिवस मला मोकळा. गोकुळपेठेतल्या त्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या आणि मावशी आमच्या घरमालकीण. एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, निविदासुद्धा कशाला वाचता? नानाजींना कुठे पूल बांधायचेत?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डोळे असते त त्याईनं स्वतःच पाहिलं असतं नं, काय वाचाचं अन् काय नाही. मी कोण ठरवणारी? मी सगळं वाचतो."

'मी वाचतो', 'मी येतो' असं इथल्या बायका स्वतःबद्दल बोलतात, याची मला तेव्हा सवय नव्हती. मावशींच्या तोंडी ते शोभून मात्र दिसे. भांडणातही त्यांचा आवाज तसाच भरदार. भाजीवाली, दूधवाला, नळाचा माणूस, सगळ्यांशी त्या कडकडून भांडत आणि भांडण संपायच्या आत त्याच माणसाला चहा विचारत. "भांडाचं असंन त बोलून भांड," असं त्या मला सांगायच्या. "गप बसून भांडणारा माणूस मले नाही चालत." हे म्हणताना त्यांचा एक डोळा वेताच्या खुर्चीकडे असे. नानाजी गप्प बसून भांडणारे होते. रुसले की दोन-दोन दिवस पेपर ऐकत, पण एक अक्षर बोलत नसत.

त्या वर्षी मे महिन्यात दोघं रामटेकला मावशींच्या भावाकडे गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी पेपरवाला डोमाजी फाटकाशी सायकल टेकवून उभा असताना मावशींनी त्याला माझ्यासमोर बजावलं, "उद्यापासून पेपर बंद. आम्ही आलो की सांगतो." डोमाजीनं मान हलवली. पेपर बंद झाला, पुढच्या घराला कुलूप लागलं, आणि पडवीतून काहीच ऐकू न येता मी महिनाभर स्वयंपाक केला. ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

दोघं परतली आणि डोमाजीनं बिल दिलं. पूर्ण महिन्याचं.

"काहून गा डोमा," मावशींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, "आम्ही रामटेकले होतो अन् पेपर वाचला कोण? कुलपानं?"

डोमाजी हडकुळा, डोक्याला पंचा बांधलेला माणूस. तो जागचा हलला नाही. "माय, तुमी सुट्टीवर गेले, छापखाना थोडी सुट्टीवर गेला? उन्हाळ्यात माह्या लाईनीतले अर्धे घरं गावाले जाते. एजंट म्हणते, गठ्ठा रोजचा तेवढाच उचला लागन, वापस काही घेणार नाही. मंग ते पैसे मी कुठून भरू?"

"मंग त्या दिवशी मान काहून हलवली? तेव्हाच नाही म्हणाचं."

"तुमाले तोंडावर नाही म्हणाची हिंमत कोणाची हाय, माय?"

मला हसू आवरेना. खुर्चीत नानाजींच्याही मिशा हलल्या. मावशी म्हणाल्या, "बरं. पैसे लागले न? देतो. पण पैसे दिले म्हणजे पेपर माहे झाले. कुठी आहेत ते?"

"घरी पडून हायेत. रद्दीत द्याचे होते."

"घेऊन ये. सगळे. एकही कमी नको."

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं सायकलच्या मागे बांधून तो गठ्ठा आणला, चहा प्याला आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, मावशींनी हट्टापायी आणवलेले ते पेपर कपाटात अंथरायला जातील. पण दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून झालं आणि मावशींनी गठ्ठ्यातला सगळ्यात जुना पेपर काढून वाचायला सुरुवात केली. सकाळी ताजा पेपर, दुपारी शिळा. रोज.

नानाजींना त्यात भलतीच गंमत वाटू लागली. दुपारच्या पेपरात एखादा संप सुरू व्हायचा तेव्हा सकाळच्या पेपरात तो मिटून गेलेला असायचा. "हे बोलून राहिले की माघार घेणार नाही," नानाजी म्हणत, "आता पाहा, गुरुवारपर्यंत घेतील." येत्या चोवीस तासांत पावसाच्या सरी येतील असं मावशी वाचत, तर ते मला विचारत, "येऊन गेल्या काय, मालती?" मीही निवडायचं ताट घेऊन त्यांच्यात बसायला लागले. इतकं बोलताना मी नानाजींना कधी ऐकलं नव्हतं.

अशाच एका दुपारी मावशी आतलं पान वाचत होत्या. आणि वाचता वाचता अडखळल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलेलं मला दिसलं. मग ते खाली सरकलं आणि त्यांनी नळाच्या दुरुस्तीची बातमी सुरू केली.

"एक बातमी गाळली तू," नानाजी म्हणाले.

"नाही वो."

"गाळली. तुह्या आवाजावरून समजते मले."

मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "शामराव गेले," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"आपण रामटेकले होतो तेव्हा."

"वाच."

मावशींनी वाचलं. निवृत्त रेल्वे गार्ड, राहणार पाचपावली, अल्पशा आजारानं निधन, पश्चात पत्नी. चार ओळींची बातमी. नानाजी म्हणाले, "पुन्हा वाच," आणि त्यांनी पुन्हा वाचली. मग ते उठले, भिंत चाचपत आत गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

हे शामराव कोण, ते मावशींनी मला संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. दोघं एकाच वेळी रेल्वेत लागलेले, एका डब्यात जेवलेले. एकदा एका मालगाडीचा खोळंबा झाला, चौकशी बसली. गार्ड नानाजी होते. शामराव त्या दिवशी त्याच स्टेशनात होते, त्यांची साक्ष झाली, आणि साहेबानं विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं, की गार्ड झोपले होते. नानाजींची पगारवाढ थांबली. त्या दिवसापासून नानाजी शामरावांशी बोलले नाहीत.

"खोटं बोलले असते त राग गेला असता कधी ना कधी," मावशी म्हणाल्या. "खरं बोलले नं, म्हणून नाही गेला. शामराव दोनदा आले घरी. हे आत बसून राहिले. मी किती भांडली यांच्याशी! पण गप माणसाशी भांडून होते काय?"

सकाळी नानाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पडवीत उभे होते. "पाचपावलीले जाऊ," एवढंच म्हणाले. मावशींनी मला हाक मारली, "मालती, तूही चाल वं. एक आंधळा माणूस अन् एक रुसलेला माणूस, दोघं मले एकटीले सांभाळणं होत नाही. अन् दोघंही हेच."

आम्ही रिक्षानं गेलो. विचारत विचारत घर सापडलं. दारातच एक ठेंगण्या बाई सूप घेऊन बसल्या होत्या. शामरावांच्या पत्नी, तुळसाबाई. त्यांनी वर पाहिलं, नानाजींना ओळखलं आणि सूप खाली ठेवलं.

"आता काहून आले, भाऊजी?"

उत्तराची वाट न पाहता त्याच पुढे बोलल्या. "तेरवीच्या दिवशी मी दाराकडे पाहून राहिली होती. सगळे आले. ज्याईले हे ओळखतही नव्हते तेही आले. तुम्ही नाही आले."

"तुळसाबाई, पेपर बंद होता आमचा," मावशी पुढे होऊन म्हणाल्या. "आम्ही गावाले होतो. काल समजलं."

नानाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "पेपर चालू असता तरी मी आलो असतो का नाही, कोणास ठाऊक," ते म्हणाले. "शामराव खरं बोलला होता. मी झोपलो होतो त्या दिवशी."

"हे मले काय सांगता? त्याईले सांगाचं होतं," तुळसाबाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "ते म्हणायचे, मी त्या दिवशी खोटं बोललो असतो त काय बिघडलं असतं? मरेपर्यंत म्हणायचे. खरं बोललेल्या माणसानं असं म्हणावं काय हो?"

नानाजी उभ्या जागी रडायला लागले. त्यांना बसायला जागा कुठे आहे हेही दिसत नव्हतं. मी पुढे व्हायच्या आत तुळसाबाई उठल्या, त्यांच्या दंडाला धरून त्यांना ओट्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. दोघंही रडत होती, एकमेकांकडे न पाहता.

मावशींनी त्यांना रडू दिलं. त्या सरळ आत गेल्या. चूल थंड होती आणि भांडी कोरडी. "सकाळपासून काही खाल्लं नाही वाटते हिनं," असं पुटपुटत त्यांनी डबे उघडून पाहिले, मला कांदा चिरायला बसवलं आणि चूल पेटवली. अर्ध्या तासानं त्यांचा आवाज ओट्यापर्यंत पोचला, "तुळसाबाई, घरात मीठ ठेवता का नाही? हे कसलं घर चालवून राहिल्या तुम्ही?" तुळसाबाई डोळे पुसत आत आल्या. "समोर तर आहे बरणी! डोळे तुमचेही गेले काय?" म्हणाल्या. मग आम्ही सगळे पिठलं-भात जेवलो.

त्यानंतर तुळसाबाई गोकुळपेठेत येऊ लागल्या. आधी कधीतरी, मग दर आठवड्याला. त्यांना वाचता येत नव्हतं. नानाजींच्या शेजारी बसून त्या पेपर ऐकत, आणि नानाजी त्यांना शामरावांबद्दल सांगत. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते सगळं, तरुणपणचं, हसण्यासारखं. तुळसाबाईंना आपल्या नवऱ्याच्या कितीतरी गोष्टी त्या पडवीत पहिल्यांदा कळल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर डोमाजी फाटकातूनच ओरडला, "माय, गावाले जाणार असान त आत्ताच सांगून ठेवतो, पैसे पडतीन!" मावशी म्हणाल्या, "हे मागच्या साली सांगाले काय झालं होतं?" पण त्या वर्षी त्या कुठे गेल्याच नाहीत.

त्या हिवाळ्यात नानाजी गेले. सकाळी पेपर ऐकता ऐकता डोळा लागला असं वाटलं, आणि मावशी निविदांपर्यंत वाचत गेल्या. मग थांबल्या. मावशींना सोबत म्हणून तुळसाबाई सामान घेऊन आल्या त्या परत पाचपावलीला गेल्याच नाहीत.

आमची बदली चंद्रपूरला झाली तेव्हा दोघी एका घरात नांदत होत्या आणि दिवसभर भांडत होत्या. कोथिंबिरीवरून, नळावरून, पेपर किती जोरात वाचायचा यावरून. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पुढे गेला, आम्ही रिक्षात बसलो. मला द्यायचं लिंबाचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत द्यावं की काचेच्या, यावर फाटकात वाद सुरू झाला. "चिनी माती रस्त्यात फुटंन," तुळसाबाई म्हणत होत्या. "अन् काच काय रबराची असते?" मावशी म्हणत होत्या. रिक्षावाला कंटाळला. शेवटी माझ्या यजमानांनी दोन्ही बरण्या त्यांच्या हातांतून काढून घेतल्या आणि रिक्षा निघाली.

मी मागे वळून हात हलवला. त्या दोघींनी पाहिलंच नाही. एकमेकींकडे तोंड करून त्या अजून बोलत होत्या.