दुसऱ्याच्या नावावरचे सिनेमे

२०१४ साली न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधलं शिक्षण संपल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती 'ते रापा' नावाच्या तिथल्या उपनगराजवळ, एका वृद्धाश्रमात. तिथे नव्वदीचे एक अमेरिकन गृहस्थ होते. मुलगी इथल्या गाईगुरांवाल्या शेतकऱ्याशी लग्न करून आली, तिच्यामागे म्हातारपणी तेही आले. मी त्यांना आजोबा म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर म्हणाले, "चालेल. मला वेगवेगळ्या नावांची सवय आहे."

तरुणपणी ते सिनेमे लिहायचे, पुढे टीव्हीवरच्या काउबॉयच्या मालिका. मग तिकडे कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लेखकांची कामं बंद झाली. त्यांचंही झालं. तेव्हा लिहायचे हे, आणि नाव लागायचं एका मित्राचं. आश्रमात ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेत नसे. खरं सांगायचं तर मीही नाही.

एका दुपारी नदीवरचं धुकं अजून विरलं नव्हतं. हॉलमध्ये टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा चालू होता, बाकी सगळे पेंगत होते. मी त्यांच्या पायांवर ब्लँकेट घालत होते. पडद्यावर एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आत आजोबा पुटपुटले, "विहीर आटली, पण मी इथून हलणार नाही." मग तेच ती बोलली. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. माझे हात जागीच थांबले.

"हा तुमचा?"

"शेवटी नाव बघ. दुसऱ्याचं येईल."

आलं.

त्यानंतर शिफ्ट संपली की मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. डोळे मिटून ते सांगायचे, कोणता सिनेमा आपला, त्यात कोण कुठून येतं, काय बोलतं. भरभर लिहायला मला मराठीच सोपं जायचं. ते अक्षरांवरून बोट फिरवत विचारायचे, "यात घोडा कुठे आहे?" मी दाखवायचे. बोलता बोलता त्यांच्या सिनेमांतलं वाळवंट खिडकीबाहेरच्या हिरव्या कुरणात मिसळून जायचं, आणि चरणाऱ्या गाईंमागे मला धूळ उडताना दिसायची.

पुढच्या वसंतात ते गेले. मुलगी खोली आवरायला आली तेव्हा मी तिला वही दिली.

"हे काय आहे?"

मी इंग्रजीत वाचून दाखवू लागले. ती हळूच पलंगावर बसली.

"बाबा टाइपरायटरखाली जाड टॉवेल घालायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझी झोप मोडू नये म्हणून. टकटक शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून होता तर तो. मला कधीच का नाही सांगितलं त्यांनी?"

मी पान उलटून पुढचं वाचू लागले.

नंतरचे दोन शनिवार ती माझ्या घरी आली. मी वाचत गेले, ती लिहीत गेली. अकरा सिनेमे निघाले. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "बाबांचं नाव तुझ्या भाषेत कसं लिहितात?"

मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं. तिने ते सावकाश, दोनदा गिरवलं.