कोपीला दार

आश्रुबा आणि म्हाळू जुळे. पाठमोरे असले की आईसुद्धा चुकायची. युसूफ वडगावच्या शाळेत आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. मी पुढं मराठीत बी.ए. केलं. लग्नानंतर दोघे भाऊ ऊसतोडीला गेले. तीन वर्षांनी म्हाळू सहकारी कारखान्यात कायम झाला. आश्रुबा आणि त्याची बायको कौशल्या तोडीतच, फडाजवळच्या कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहिले.

त्यांना मूल नव्हतं. म्हाळूला दोन पोरं. रक्त एकच, मग खोट बाईचीच, असं गाव म्हणायचं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आश्रुबा म्हणाला, "बीडला चल. डॉक्टरपुढं मला बोलता यायचं न्हाई."

तिथं मीच अडखळलो. शेवटी तोच बोलला. "लई लवकर आटपतं, साहेब. आता मी तिच्याजवळ जातच न्हाई."

डॉक्टर म्हणाले, याला शीघ्रपतन म्हणतात. थोडं रक्तातून येतं, थोडं जगण्यातून. बरं होतं. "भाऊ असेल तर त्याला आहे का असा त्रास?"

"न्हाई. दोन पोरं हायत त्याला."

"विचारलंय?"

"हे काय इचारायचं असतं व्हय?"

बसस्टँडवर मी म्हणालो, "म्हाळूला मी विचारतो." त्यानं माझं मनगट धरलं. "इचारलंस तर दोस्ती संपली बे."

मी विचारलं नाही. आश्रुबाही पुन्हा डॉक्टरकडे गेला नाही.

दिवाळीआधी त्यानं चार माणसं जमवली. "खोट माझ्यात हाय. हिला मोकळी करा."

कौशल्या म्हणाली, "मी कधी काय म्हणले का?"

चैत्रात तिचं दुसरं लग्न झालं.

तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पुढच्या हंगामाला मुकादम त्याला म्हणाला, "अर्धा कोयता नेऊन काय करू?" माणसं हसली. आश्रुबा जनावरांच्या छावणीवर चारा टाकू लागला.

मी कारखान्यावर म्हाळूकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यानं उठून खोलीचं दार लोटलं.

"मलाबी तसंच व्हतं," तो म्हणाला. "पाचटाची कोपी. दार न्हाई. हातभरावर दुसऱ्याची. जरा खुट्ट झालं की जीव घाबरा. ही खोली मिळाली, आतून कडी लागली. मग हळूहळू सुधरलं."

"त्याला का नाही सांगितलंस?"

"त्यानं कुटं इचारलं?"

छावणीवर मी आश्रुबाला शब्द न् शब्द सांगितला. त्याच्या हातात कडब्याची पेंढी होती.

"आतून कडी हाय?" त्यानं विचारलं.

"आहे."

त्यानं पेंढी सोडली. गाईपुढं पसरली.

"कौशल्या दर साली म्हणायची, कोपीला एक दार करा. मी म्हणायचो, आपल्यात चोरायला काय हाय?"