दरवीशने लपवलेला बिघाड

आमच्या कुमझार गावाला रस्ता नाही. पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र. मीठ संपलं तरी होडी काढायची आणि बाळंतीण अडली तरी होडीच. अशा गावातला एकुलता एक इंजिन-मेकॅनिक अकरा वर्षं होडीत पाय ठेवत नव्हता, हे ऐकून खसब शहरातले लोक हसतात. हसू देत. त्यांना दाराबाहेर पडलं की टॅक्सी मिळते.

हा मेकॅनिक म्हणजे माझा चुलतभाऊ दरवीश. दुबईत सहा महिने राहून तो फ्युएल-इंजेक्शनच्या नव्या इंजिनांचं काम शिकून आला होता. तोवर आमची इंजिनं कार्बोरेटरची. अडली की शिव्या घालायच्या, ठोकायची, चालू करायची. गावात इंजेक्शनचं पहिलं इंजिन आणलं ते दरवीशच्या धाकट्या भावाने, हमूदने. त्याच्याबरोबर पेट्रोलची नवी लाल सुटी टाकीही आली. दरवीशने स्वतःच्या हाताने ते इंजिन होडीला बसवलं, तासभर तपासलं आणि सगळ्या गावादेखत भावाला म्हणाला, "जा, बिनघोर जा."

हमूद गेला. दुपारी शमाल सुटला. तो वारा होडीला उचलून कड्यांवर नेतो आणि आमचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, हात टेकायला जागा नाही. गनम बेटाजवळ दुसऱ्या होडीवाल्यांनी हमूदला लांबून पाहिलं. इंजिनाचा आवाज येत होता म्हणे, पण जोर नव्हता. ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी हमूद सापडला. इंजिन आणि टाकी कधीच सापडली नाहीत, त्यामुळे काय बिघडलं होतं ते कुणालाच कळलं नाही.

दोघा भावांची आई, आमची मोझाकाकी, ओरडली नाही की छाती पिटली नाही. त्या दिवसापासून तिने दरवीशला नावाने हाक मारणं सोडलं. "मेकॅनिक, जेवून घे." "मेकॅनिक, पाणी भर." एका घरात राहून, एका ताटातला भात खाऊन, अकरा वर्षं! मी असतो तर घर सोडून पळालो असतो. दरवीश मुकाट्याने पाणी भरायचा. इंजिन दुरुस्त करून देताना "चांगलं झालंय" असं त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही. "जमिनीवर चालतंय," एवढंच म्हणायचा.

एकदा मला म्हणाला, "खल्फान, त्या दिवशी काय बिघडलं एवढं कळलं पाहिजे रे. माझी चूक नसेल तर आईला सांगता येईल."

"आणि असली तर?"

"तर तेही सांगेन. पण असं मधे लटकून नाही जगवत."

मग काकीचे डोळे गेले. म्हणजे एक गेलाच, दुसऱ्यात महिन्याला सुई टोचायची. त्यासाठी तिला माझ्या होडीतून खसबच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. माझं इंजिनही आता इंजेक्शनचंच, टाकीही तशीच सुटी. पहिल्या खेपेला गनमच्या अलीकडे इंजिनाचा दम एकदम गेला. बंद पडलं नाही, पण धापा टाकायला लागलं. पेट्रोल संपलं की काय म्हणून मी टाकीचं झाकण काढून पाहिलं. अर्धी भरलेली. झाकण परत लावलं, तर इंजिन पळायला लागलं. मी अल्लाचे आभार मानले आणि विसरलो. दुसऱ्या खेपेला तेच झालं, त्यात वारा होता. कडा इतका जवळ आला की त्याच्यावरची पक्ष्यांची घाण मला दिसत होती. कशीबशी होडी वळवली आणि रखडत, सरपटत गावात आलो. सुई राहिली.

दरवीशने इंजिन दोन दिवस उघडून ठेवलं. पिंपात पाणी भरून तासभर चालवलं, पठ्ठ्या झकास चालला. लॅपटॉप लावला, त्यातही काही दोष नाही. पेट्रोल गाळलं, पाण्याचा थेंब नाही. फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले. मी एकटा मासळीला गेलो तर इंजिन वाऱ्यासारखं पळालं. किनाऱ्यावरची रिकामटेकडी टाळकी म्हणाली, "म्हातारीला उतरव, बिघाड आपोआप जाईल." काहींनी नजर लागल्याचं सांगितलं. दरवीशला मात्र झोप नव्हती. हेच ते, असं त्याला वाटत होतं. हमूदच्या इंजिनाला झालं ते हेच.

डॉक्टरने निरोप धाडला, ही सुई चुकली तर दुसरा डोळाही जाईल. मी दरवीशसमोर उभा राहिलो. "बिघाड समुद्रात येतो आणि तू तो अंगणात शोधतोयस. होडीत बसणार असशील तर काकीला नेतो. नाहीतर मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन आला.

होडीत चढताना त्याचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हातांनी काठ धरून तो तळाशी इंजिनाजवळ बसला, डोळे मिटून. काकी नेहमीच्या जागी, पुढे टाकीपाशी, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. "मेकॅनिकला उलटी होईल, लांब बसवा त्याला," ती म्हणाली. मी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडला. किनाऱ्याला लागलं की तो लावायचा, निघताना सोडायचा; सोडल्याशिवाय आम्ही कुणीच निघत नाही, लुंगीची गाठ बांधण्याइतकी हाताची सवय. इंजिन चालू केलं.

पाऊण तास काही झालं नाही. दरवीशने एक डोळा उघडला होता. गनम बेट दिसायला लागलं आणि शमालची पहिली झुळूक माझ्या मानेला लागली. मला तिथेच घाम फुटला.

आणि इंजिन बसलं. होडीचं वर उचललेलं तोंड खाली आपटलं, लाट आत आली. मी मूठ पिळत होतो, पण पाण्यातल्या पंख्याला जोर नव्हता. वारा आम्हाला कड्याकडे ढकलत होता. दोनशे हात असेल. मग दीडशे. खडकावर फुटणारं पाणी ऐकू यायला लागलं. मी घाबरलो, लाज कसली सांगायला, मी मोठमोठ्याने रडत होतो.

"गप!" दरवीश ओरडला. "मला ऐकू दे त्याला."

त्याने कान इंजिनाला लावला. "भुकेलंय. पेट्रोल पोचत नाहीये." टाकीकडून येणाऱ्या नळीत पेट्रोल ओढायला एक रबरी फुगा असतो, तो त्याने चाचपला. तो चेपून पार चपटा झाला होता. "मागे काही नाही. अडलंय ते पुढे." उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. गुडघ्यांवर, पोटावर सरपटत तो माझ्या पायांवरून पुढे गेला. काकीच्या शेजारच्या टाकीवर एक ओलं पोतं घातलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं. टाकीची बाजू आत ओढली गेली होती. त्याची बोटं झाकणावरच्या स्क्रूवर गेली, आणि तो गच्च बसलेला होता. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं.

त्याने तो सोडला. टाकीने 'सुऽऽस' करून हवा आत घेतली, आत गेलेला पत्रा 'टण्' करून बाहेर आला. तो मागे सरपटत आला आणि फुगा दाबत राहिला. इंजिन दोनदा खोकलं आणि गरजलं. मी होडी कड्यापासून वळवली तेव्हा लाटेचं परतणारं पाणी आमच्या अंगावर पडत होतं.

"स्क्रू सोडला नव्हतास?" दरवीशने विचारलं.

"आईशप्पथ सोडला होता!"

"मी लावला," मोझाकाकी म्हणाली. तिला काय झालं याचा पत्ताच नव्हता. "दर वेळी लावते. डोळे गेले, नाक आहे ना अजून. त्या भोकातून मेला घाण वास येतो, भाकरीला लागतो. तुम्हा पुरुषांना कुठलं कळतंय! हमूदच्या टाकीचासुद्धा त्या दिवशी मीच लावून दिला होता. भाकरी तिच्याशेजारीच ठेवली होती ना त्याची." मग गाठोडं चाचपत, "का रे मेकॅनिक? त्याने काही होतं का?"

मी दरवीशकडे पाहिलं. कडा जवळ आला तेव्हाही इतकी भीती मला वाटली नव्हती. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर त्याच्या तोंडात होतं, फक्त ते बाहेर काढायचं होतं.

"नाही आई," तो म्हणाला. "तेव्हाही आणि आताही नळीच दुमडली होती. मी नीट बसवली नव्हती."

"तरीच," काकी म्हणाली.

खसबला सुई झाली. धक्क्यावर मी त्याला धरून हलवलं. "सांग तिला! नाहीतर मी सांगतो. गाव अकरा वर्षं तुझ्यावर थुंकतंय!"

"हे ओझं मला सवयीचं झालंय," तो म्हणाला. "तिला दिलंस तर ती आठ दिवस जगणार नाही. ती आहे तोवर तोंड उघडायचं नाही, शपथ घे." मी शपथ घेतली, आणि त्यासाठी त्याला मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या.

गावात आल्यावर तो होडी-होडीत चढला आणि प्रत्येक टाकीचा स्क्रू उपटून टाकला, भोक कायमचं उघडं राहील असा. लोक म्हणाले, पाण्याला भिऊन डोकं फिरलं. पण त्याची भीती आता पाण्याची राहिली नव्हती. काकीसमोर कुणी टाकीचं, वासाचं, स्क्रूचं नाव काढलं की तो हातातलं काम टाकून धावत यायचा आणि विषय बदलायचा. एकदा एका पोरीने सहज विचारलं, "आजी, या भोकाचं काय काम गं?" तेव्हा त्याच्या हातून उकळता चहा स्वतःच्या पायावर सांडला. चार वर्षं तो असा जगला.

गेल्या हिवाळ्यात काकी गेली. जायच्या दोन दिवस आधी तिने दरवीशला बोलावलं. खोली बायकांनी भरली होती. तिने चाचपून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा हमूद तुझ्यामुळे गेला. पण मी तुला माफ केलं, पोरा."

बायका डोळे पुसायला लागल्या. केवढं मोठं मन, असं कुणीतरी म्हणालं. दरवीशने तिचा हात हातात घेतला, त्याचा मुका घेतला आणि म्हणाला, "अल्ला तुझं भलं करो, आई."

माझ्या तोंडाचा मला भरवसा वाटेना. मी चपला तिथेच टाकून बाहेर निघून गेलो.